उन्हाचा भाव आणि व्याजाचा दर

अबुधाबी शहराच्या दक्षिणेला साधारण ३५ किलोमीटरवर अल धफ्रा सौर प्रकल्प आहे. क्षमता २ गिगावॉट, पॅनेल सुमारे ४० लाख, उद्घाटन नोव्हेंबर २०२३, म्हणजे दुबईत कॉप-२८ परिषद भरण्याच्या अगदी तोंडावर. २०२० साली या प्रकल्पासाठी निविदा उघडल्या, तेव्हा सर्वांत कमी बोली होती युनिटला १.३५ अमेरिकी सेंट. त्या वेळच्या दराने जवळपास १ रुपया! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुजरातच्या निविदेत १ रुपया ९९ पैशांची बोली आली आणि भारतात तो विक्रम ठरला.

ऊन दोन्हीकडे भरपूर. पॅनेल दोन्हीकडे बहुतेक चिनी. मग दर दुप्पट का?

जमीन, कर, प्रकल्पाचा आकार, वीजवाहिनी कोणी बांधायची, अशी बरीच कारणं आहेत. पण सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक पॅनेलच्या गावीही नसतं. ते बँकेत असतं. कोळशाच्या वीज केंद्राचा मोठा खर्च वर्षानुवर्षं कोळसा घेण्यात जातो. सौर प्रकल्पाचं तसं नाही. जवळजवळ सगळा पैसा पहिल्याच दिवशी ओतायचा आणि पुढची २५ वर्षं तो हळूहळू वसूल करायचा. त्यामुळे उसन्या पैशावर व्याज किती, यावरच विजेचा भाव ठरतो.

हिशेब करून पाहू. समजा १ मेगावॉटला ४ कोटी रुपये लागले आणि वर्षाला १७.५ लाख युनिटं मिळाली. सगळा पैसा कर्जाचा धरला आणि २५ वर्षांचे समान हप्ते पाडले, तर ५ टक्के व्याजाने हप्ता होतो वर्षाला सुमारे २८ लाख, म्हणजे युनिटमागे १ रुपया ६२ पैसे. व्याज १२ टक्के असेल तर हप्ता ५१ लाख आणि युनिट २ रुपये ९१ पैसे. पॅनेल तेच, ऊन तेच, फक्त व्याज वेगळं. घराचं कर्ज फेडणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता अल धफ्राकडे परत पाहा. ६० टक्के हिस्सा अबुधाबीच्या ताका आणि मसदर या कंपन्यांचा, उरलेला फ्रान्सच्या ईडीएफचा आणि चीनच्या जिंकोचा. वीज घेणार सरकारी कंपनी, करार ३० वर्षांचा. पैसे बुडण्याची भीती जवळजवळ नाही, म्हणून बँका स्वस्तात कर्ज देतात. शिवाय दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराला बांधलेला आहे. कर्ज डॉलरमध्ये, कमाई दिरहममध्ये, तरी काळजी नाही.

रुपयाचं तसं नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार! २००६ साली एका दिरहमला साधारण १२ रुपये मिळत, २०२३ मध्ये २२ च्या वर. रुपया घसरला की आपण घरी पैसे पाठवायला एक्स्चेंजमध्ये रांग लावतो. पण रुपयात वीज विकून डॉलरमध्ये कर्ज फेडणाऱ्या कंपनीची त्याच दिवशी झोप उडते. तिच्या कर्जाचा बोजा रुपयांत मोजला तर वाढलेला असतो आणि विजेचा दर मात्र करारात गोठलेला.

कंपन्यांच्या भागीदाऱ्यांकडे मी पाहते ती या नजरेने. पत्रकार परिषदेतले हस्तांदोलनाचे फोटो सोडून द्यावेत आणि एकच विचारावं: धोका कुणी उचलला?

एप्रिल २०२२ मधला टाटा पॉवरचा व्यवहार घ्या. अमेरिकेची ब्लॅकरॉक आणि अबुधाबीची मुबादला यांनी मिळून टाटा पॉवरच्या अक्षय ऊर्जा कंपनीत ४,००० कोटी रुपये घालायचं ठरवलं आणि बदल्यात साधारण १० टक्के हिस्सा घेतला. हे कर्ज नव्हे, भागभांडवल. रुपया घसरला तर घसरणीचा फटका हिस्सेदारालाही बसतो. म्हणून तो परताव्याची अपेक्षाही जास्त ठेवतो. फुकट काहीच नाही.

उझबेकिस्तानात वेगळी रचना झाली. नवोई प्रांतातल्या १०० मेगावॉटच्या प्रकल्पाची निविदा २०१९ मध्ये मसदरने युनिटला २.६७९ सेंट या दराने जिंकली आणि २०२१ मध्ये तो सुरू झाला. त्या देशाला मोठ्या सौर प्रकल्पांचा अनुभव नव्हता, पण आंतरराष्ट्रीय विकास बँकांनी कर्ज दिलं आणि सरकारी कंपनीने बिल थकवलं तर काही भार पेलण्याची हमी जागतिक बँकेने घेतली. हमी छोटी असली तरी व्याज खाली येतं, कारण बँकेला नकाशावरचा देश दिसत नाही, बुडीत कर्ज दिसतं. दर डॉलरमध्ये ठरला की चलनाचा धोका मात्र संपत नाही, तो वीज घेणाऱ्या देशाकडे सरकतो. हे बातम्यांत क्वचितच लिहिलेलं असतं.

आणि मसदरच्या मालकांत मुबादला आणि ताकाच्या जोडीला तेल कंपनी अ‍ॅडनॉकही आहे. तेलाच्या पैशातून सूर्याची वीज, याला ढोंग म्हणणारे आहेत, दूरदृष्टी म्हणणारेही. मला वाटतं, तेलाचं उत्पन्न तूर्त आहे तोवरच हे भांडवल इतकं स्वस्त आहे, तेव्हा ते गरजू देशांत किती लवकर पोचतं ते मोजावं.

सध्या फार पोचत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगात स्वच्छ ऊर्जेत होणाऱ्या गुंतवणुकीपैकी चीन वगळता विकसनशील देशांच्या वाट्याला जेमतेम १५ टक्के येते. कॉप-२८ मध्ये अमिरातीने ३० अब्ज डॉलरचा अल्तेरा निधी जाहीर केला. त्यातले २५ अब्ज नेहमीच्या गुंतवणुकीसारखे, नफ्यासाठी. उरलेले ५ अब्ज याच कामासाठी राखलेले: त्यातला पैसा ठराविक मर्यादेपर्यंतच नफा घेतो आणि त्यावरचा नफा दुसऱ्या गुंतवणूकदारांना सोडतो, म्हणजे तेही गरीब देशांत यायला धजावतील. ब्रुकफील्ड या कॅनडाच्या कंपनीच्या एका निधीत अल्तेराने १ अब्ज डॉलर घातले ते याच अटीवर. पुढच्या वेळी अशा कराराची बातमी वाचाल तेव्हा मेगावॉटचा आकडा सोडा आणि ही अट शोधा.