काळीज जपायचे तर तेलही जपा

कापूस विकला की पांढरकवड्याच्या बाजारातून परतताना घरी तेलाचा डबा येतोच. सरकी, तीळ, जवस, करडई ही सारी आपल्याच मातीची पिके. पण त्यांच्या तेलात काळजाला उपयोगी असे काय असते आणि आपण ते कसे घालवतो, याचा विचार क्वचितच होतो.

चिरलेले वांगे काळे पडते, विळा गंजतो, जुने तेल खवट होते. तिन्हींमागे हवेतला प्राणवायू आहे. शरीरातही अन्नापासून शक्ती तयार होताना काही उपद्रवी कण निर्माण होतात. विडीच्या धुराने ते वाढतात. रक्तातल्या चरबीला ते लागले की ती बिघडते, रक्तवाहिनीच्या आत थर धरते आणि काळजाची वाट अरुंद होते.

वनस्पतींनी यावर उपाय योजला आहे. सरकी व करडईच्या तेलात ई जीवनसत्त्व असते. ते स्वतः झीज सोसून तेलाला वाचवते. तिळात सेसमोलसारखी द्रव्ये असतात, म्हणून तिळाचे तेल बरेच दिवस टिकते. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असते. ते गुणाचे, पण फार लवकर खराब होणारे.

मग ई जीवनसत्त्वाच्या गोळ्याच का घेऊ नयेत? हृदयविकाराचा धोका असलेल्या नऊ हजारांहून अधिक लोकांपैकी सुमारे निम्म्यांना त्या जवळपास साडेचार वर्षे देऊन पाहिल्या. २००० साली निष्कर्ष आला, झटके कमी झाले नाहीत. तेव्हा भिस्त गोळीवर नको, रोजच्या जेवणावर हवी.

गृहिणींनी एवढे सांभाळावे. तेलाचा डबा चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये, झाकण घट्ट लावावे. रोजच्यापुरते तेल लहान भांड्यात काढावे. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. ते गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे. खवट वास आला तर मोह न धरता टाकून द्यावे. जवस अख्खे ठेवून लागेल तसे भाजावे, चटणी आठवड्यापुरतीच कुटावी. जवसाच्या तेलात तळण करू नये. सरकीचे तेल शुद्ध केलेलेच खावे, कारण कच्च्या तेलात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. आणि चांगले तेलही बेतानेच वापरावे, जास्त झाले तर वजन वाढवतेच.

शेवटी एक गोष्ट ध्यानात असू द्या. कोणतेही तेल हृदयरोगाचे औषध नाही. रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, विडी-तंबाखू सोडावी. छातीत दाब, हातात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसली तर 'वात असेल' म्हणून छाती चोळत बसू नये. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तिथे घालवलेली घटका महागात पडते.