सर्व्हरच्या पोटातले लॉक

पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला शिरूर अनंतपाळच्या कुठल्याही सेवा केंद्रात जाऊन बसा. ‘साइट फिरतीय नुसती’ आणि ‘सर्व्हर डाऊन हाय’ ही दोन वाक्यं दिवसभर कानावर पडतील. सर्व्हरच्या बाजूने पाहिलं तर राज्यभरातल्या तालुक्यांमधून हजारो ब्राउझर एकाच वेळी दार ठोठावत असतात. १ मे २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घ्या. पंधरा रुपये भरून बटण दाबलं की ब्राउझर आणि सर्व्हर आधी आपसात गुप्त किल्ली ठरवतात, मग माहिती सांकेतिक रूपात ये-जा करते. उताऱ्यावरची स्वाक्षरी हीसुद्धा क्रिप्टोग्राफीच. अशा सर्व्हरवर एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा, चालू असतात आणि ते सगळे एकच क्रिप्टोग्राफी लायब्ररी वापरतात. दोन थ्रेडनी मेमरीतल्या एकाच जागेला एकदम हात घातला तर काय, हा प्रश्न सोडवतात ते लॉक.

निलंगा, उदगीर, शिरूरकडची पोरं इंजिनिअरिंग करून हिंजवडीत नोकरीला लागतात. मुलाखतीत ‘म्यूटेक्स म्हणजे काय’ याचं पाठ उत्तर येतं. पण लायब्ररीच्या आतला लॉक नेमका कोण घेतो, असं विचारलं की गाडी अडते. यात दोष एकट्या पोरांचा नाही. या विषयावरची निम्मी माहिती शिळी झालेली आहे आणि तीच अजून फिरते आहे.

गैरसमज : लॉक म्हणजे सुरक्षा. जितके लॉक जास्त, तितकं एन्क्रिप्शन पक्कं.

हा घोळ ब्राउझरमधल्या कुलपाच्या चित्राने वाढवला. ते चित्र दिसलं की साइट भरवशाची, असं लोक धरून चालले. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते चित्रच काढून टाकलं. थ्रेडचा लॉक तर त्याहून वेगळा. तो काहीही लपवत नाही; एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवून ठेवतो, एवढंच.

ते का लागतं, हे एका आकड्यावरून कळेल. सर्व्हरचं प्रमाणपत्र मेमरीत एकदाच ठेवतात आणि सगळ्या जोडण्या तेच वापरतात. कितीजण वापरताहेत याचा आकडा त्याच्यासोबतच नोंदलेला असतो. नवा आला की एक वाढतो, गेला की एक घटतो, शून्य झाला की जागा मोकळी होते. समजा आकडा ५ आहे. पहिला थ्रेड वाचतो : ५. त्याने ६ लिहिण्याआधी दुसराही वाचतो : ५. मग दोघंही ६ लिहितात. वापरणारे सात, नोंद सहाची. सहाजण काम आटोपून गेले की जागा मोकळी झाली असं लायब्ररी समजते, आणि सातवा अजून तिथूनच वाचत असतो. तोवर त्या जागेवर दुसऱ्याच कुणाची माहिती येऊन बसली असेल, तर नशीब चांगलं असल्यास प्रोग्रॅम कोसळतो. नशीब वाईट असेल तर तो चालू राहतो.

गैरसमज : ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफी लायब्ररीला लॉकिंगचे कॉलबॅक स्वतः लिहून द्यावेच लागतात.

हे एके काळी शंभर टक्के खरं होतं, म्हणूनच इतकं घट्ट बसलं आहे. एरिक यंग आणि टिम हडसन यांची एसएसएलइए ही लायब्ररी १९९५ची. डिसेंबर १९९८ मध्ये तिच्यातून ओपनएसएसएल निघाली. तेव्हा प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमचे थ्रेड वेगळे, काहींवर धड नव्हतेच. म्हणून लायब्ररीने हात वर केले : लॉक कधी हवा ते मी सांगेन, घेण्या-सोडण्याचं तुम्ही बघा. प्रोग्रॅमरने सुरुवातीला क्रिप्टो_नम_लॉक्स() ला विचारायचं. १.०.२ आवृत्तीत उत्तर यायचं ४१. तेवढे म्यूटेक्स, म्हणजे लॉक, तयार करायचे आणि क्रिप्टो_सेट_लॉकिंग_कॉलबॅक() ला आपलं फंक्शन द्यायचं. ते फंक्शन चार ओळींचं : सांगितलेल्या क्रमांकाचा लॉक घ्यायचा असेल तर घे, नाहीतर सोड. या चार ओळी विसरल्या तरी कंपायलर तक्रार करत नसे, चाचणीत सगळं ठीक चाले आणि खरी गर्दी झाली की प्रोग्रॅम कुठेतरी भलत्याच ठिकाणी कोलमडे.

त्याहून नाजूक भानगड अशी, की हा कॉलबॅक अख्ख्या प्रोसेसला मिळून एकच. एका प्रोसेसमध्ये ओपनएसएसएल वापरणारे दोन घटक आले तर? पायथॉनने आपला कॉलबॅक बसवलेला, आणि त्याच प्रोसेसमध्ये पोस्टग्रेसशी बोलणारी लिबपीक्यू आपला बसवणार. बरं, शेवटची जोडणी बंद करताना लिबपीक्यू तो काढूनही टाकायची. पायथॉनचे थ्रेड त्या वेळी ओपनएसएसएलच्या आत असले, तर एकाने लॉक घेतलेला आणि सोडायला कॉलबॅकच जागेवर नाही! बाकीचे त्या लॉकची वाट पाहत कायमचे उभे. दुसऱ्याचा कॉलबॅक आधीच बसलेला असेल तर त्याला हात लावायचा नाही, आणि काढायचा तर फक्त आपला काढायचा, ही दुरुस्ती २०१५ मध्ये झाली. शहाण्यासुरत्या, वर्षानुवर्षं तपासलेल्या दोन प्रकल्पांची ही गत, कारण मुळात वाटणीच चुकीची होती. ज्याला आतली रचना ठाऊक आहे त्यानेच आतले लॉक सांभाळले पाहिजेत.

ऑगस्ट २०१६ मध्ये १.१.० आली आणि लायब्ररीने ते काम स्वतःकडे घेतलं. जुनी फंक्शनं नावापुरती राहिली; कॉलबॅक बसवणाऱ्या ओळीचं कंपाइल होताना काहीच उरत नाही आणि क्रिप्टो_नम_लॉक्स() ४१ ऐवजी मुकाट्याने १ म्हणतं. प्रमाणपत्राच्या त्या आकड्यासाठीसुद्धा, प्रोसेसर साथ देत असेल तिथे, वाचणं-वाढवणं-लिहिणं एकाच अखंड सूचनेत होतं. लॉकची गरजच पडत नाही. १.०.२चा मोफत आधार ३१ डिसेंबर २०१९ला संपला. तरी कॉलबॅकवाला नमुना कोड अजून कॉपी-पेस्ट होतो. त्याने बिघडत काही नाही, फक्त लिहिणाऱ्याला उगाच वाटतं की आपण काहीतरी सुरक्षित केलं.

गैरसमज : आता लायब्ररी थ्रेड-सेफ झाली, म्हणजे आपल्याला मोकळं रान.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. लायब्ररी स्वतःच्या सामायिक गोष्टी सांभाळते. तुमच्या हातात दिलेली वस्तू तुम्ही किती थ्रेडमध्ये फिरवता, ती जबाबदारी तुमचीच. एसएसएल_सीटीएक्स, म्हणजे सगळ्या जोडण्यांसाठीची सामायिक मांडणी, अनेक थ्रेडनी वापरायला हरकत नाही, मात्र सगळी सेटिंग आधी करून मग वाटायची. एका जोडणीचं एसएसएल ऑब्जेक्ट दोन थ्रेडनी एकदम वापरायचं नाही. ‘एक फक्त वाचतो, दुसरा फक्त लिहितो, मग काय बिघडलं?’ हा युक्तिवाद साध्या सॉकेटला लागू पडतो, टीएलएसला, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरमधल्या त्या सांकेतिक जोडणीला, नाही. वाचता वाचता समोरून किल्ली बदलण्याचा निरोप आला की वाचणाऱ्यालाही उत्तर लिहावं लागतं.

चुकांच्या रांगेचंही असंच. ओपनएसएसएल प्रत्येक थ्रेडसाठी चुकांची वेगळी रांग ठेवतं. वाचन एका थ्रेडमध्ये करून ‘काय चुकलं’ हे दुसऱ्या थ्रेडमध्ये विचारलं तर उत्तर भलतंच मिळतं. आधीच्या कामाची शिळी चूक रांगेत राहिली असेल, तर धडधाकट जोडणीही तुटल्यासारखी दिसते.

जावावाल्यांनी इथे हसू नये. मेसेजडायजेस्ट आणि सायफर ही ऑब्जेक्ट थ्रेड-सेफ नाहीत, आणि ‘दरवेळी नवीन कशाला बनवायचं’ म्हणून ती स्टॅटिक करून ठेवणारे महाभाग प्रत्येक टीममध्ये असतात. पेमेंटचा चेकसम काढायचाय असं धरा. पहिल्या थ्रेडने अपडेटमध्ये ‘रक्कम=५००’ घातलं. त्याने डायजेस्ट मागण्याआधी दुसऱ्याने त्याच ऑब्जेक्टमध्ये ‘रक्कम=१२००’ घातलं. पहिल्याच्या हातात दोन्ही मिळून झालेला हॅश येतो. डायजेस्ट दिल्यावर ऑब्जेक्ट कोरं होतं, त्यामुळे दुसऱ्याला रिकाम्या मजकुराचा हॅश मिळतो. समोरची बाजू दोन्ही व्यवहार नाकारते. आपल्या लॅपटॉपवर एकट्याने चालवून बघितलं की सगळं हिरवंगार. याउलट सिक्युअररँडम थ्रेड-सेफ आहे, आणि त्याच्याभोवती मात्र लोक न चुकता लॉक गुंडाळतात.

पायथॉनमध्ये जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारा लॉक, आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एक ओळ : टीएलएसची हातमिळवणी चालू असताना पायथॉन तो जीआयएल सोडून देतो.

गैरसमज : लॉक चुकला तर फार तर प्रोग्रॅम बंद पडेल, गुपित फुटणार नाही.

टीएलएस १.३ मध्ये प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि त्यावरून एईएस-जीसीएम या सांकेतिकरण पद्धतीचा नॉन्स ठरतो. एका किल्लीसोबत एक नॉन्स एकदाच, हा जीसीएमचा लोखंडी नियम. दोन थ्रेडनी तोच क्रमांक उचलला आणि दोन वेगळे मजकूर त्याच नॉन्सने बाहेर गेले, तर ऐकणाऱ्याला त्या दोन मजकुरांतला फरक उघडा मिळतो; वर, मजकुरात कुणी फेरफार केला नाही हे तपासणारी गुप्त किल्लीही शोधून काढता येते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा जोडणीच तुटते, हे मान्य. पण ‘बहुतेक’वर क्रिप्टोग्राफी चालत नाही.

थ्रेड आणि फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढून नवी प्रोसेस सुरू करणं, एकत्र आले की आणखी गंमत. फोर्क करताना दुसऱ्या एखाद्या थ्रेडच्या हातात लॉक असेल, तर नव्या प्रोसेसमध्ये तो लॉक बंदच येतो आणि सोडणारा थ्रेड मागेच राहतो. यादृच्छिक आकड्यांचं तर वेगळंच. ओपनएसएसएल १.१.१ मध्ये जनरेटर नव्याने लिहिला होता. फोर्कनंतर दोन्ही प्रोसेसना सारखेच आकडे मिळू नयेत यासाठीचं संरक्षण त्यात होतं, पण मूळ मांडणीत ते चालूच होत नव्हतं. सप्टेंबर २०१९ मध्ये १.१.१डी आवृत्तीत ते दुरुस्त झालं.

गैरसमज : मग सगळ्याभोवती एकच मोठा लॉक लावा, विषय मिटला.

विषय मिटतो आणि सोळा कोरचा सर्व्हर एका कोरचा होतो. लॉकची किंमत किती, हे सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३.०ने सगळ्यांना दाखवलं. त्यात प्रत्येक अल्गोरिदम आधी ‘प्रोव्हायडर’कडून शोधून आणावा लागतो, आणि त्या शोधात सामायिक लॉक आले. थ्रेड वाढवावेत तसा वेग वाढेना, म्हणून तक्रारी सुरू झाल्या. पुढच्या आवृत्त्यांनी बरंच सावरलं. पण प्रोग्रॅमरच्या हातातला उपाय पहिल्या दिवसापासून होता : ईव्हीपी_एमडी_फेच() ने अल्गोरिदम सुरुवातीला एकदाच मिळवून ठेवायचा आणि तोच सगळ्या थ्रेडना वापरायला द्यायचा. हॅशचा कॉन्टेक्स्ट मात्र ज्याचा त्याला.