सोलापूरचं ऊन आणि कोंबडीची थैली

मे महिन्यातली दुपार. सोलापुरात पारा बेचाळीसच्या पुढे. पोल्ट्री शेडमध्ये कलकलाट नाही, ऐकू येते ती फक्त धाप. चोची उघड्या, पंख अंगापासून सुटलेले. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असतं. हवाच अंगाइतकी तापली, की उष्णता टाकायला श्वासाखेरीज वाट उरत नाही.

पण खरं नवल डोळ्यांना दिसत नाही. कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी, विष्ठेच्या वाटेला लागून, एक इवलीशी थैली असते. इटलीतल्या पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचं वर्णन केलं. ते १६२१ साली छापून आलं आणि थैलीला त्यांचंच नाव मिळालं, ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’. ती कशासाठी आहे, हे मात्र तीनशेहून अधिक वर्षं कळलं नाही. १९५६मध्ये अमेरिकेत ब्रूस ग्लिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की लहानपणीच ही थैली काढलेल्या कोंबड्यांना रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं नीट तयार करता येत नाहीत. आपल्याही रक्तातल्या, प्रतिपिंडं घडवणाऱ्या ‘बी’ पेशींना ते अक्षर मिळालं ते या बर्सावरूनच!

सोलापूरचं ऊन नेमकं या थैलीवर घाव घालतं. उष्णतेच्या ताणात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात वाढतं. ताण लांबला, की बर्सा, थायमस आणि प्लीहा हे रोगप्रतिकाराचे अवयव आक्रसतात, लढाऊ लिम्फोसाइट पेशी घटतात. अंग थंड करायला रक्त कातडीकडे धावतं. आतड्याचा रक्तपुरवठा घटतो, अस्तर सैल पडतं आणि आतले जंतू रक्तात शिरतात.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस वेळेवर देऊनही कधी कधी रोग येतो आणि बोट लसीकडे जातं. पण लस म्हणजे शत्रूची नुसती ओळख. प्रतिपिंडं पक्ष्यालाच घडवावी लागतात. उन्हाने खचलेल्या पक्ष्याकडून ती कमी घडतात.

म्हणून लस भल्या पहाटे, गार पाण्यातून द्या. दुपारी खाद्य आवरतं घ्या, पडद्यांना ओलं गोणपाट बांधा, हवा खेळती ठेवा. उन्हाळ्यात लसीइतकंच सावलीलाही जपा.