थरथर मोजा, दोष शोधा

हायवेवर नव्वदच्या पुढे गाडी थरथरायला लागली की आपण लगेच विचारतो, काय बिघडलं? त्याआधी वेगळा प्रश्न विचारून पाहा: सेकंदाला किती वेळा? मोटरसायकलच्या निम्म्या तक्रारींचा माग या एका मोजणीवर लागतो. मेकॅनिककडे जाऊन 'गाडी हलते' एवढंच सांगणाऱ्याचे पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात, असं माझं ठाम मत आहे.

अख्खी गाडी मागच्या चाकासकट डावी-उजवी डुलते आणि हेलकावे मनात मोजता येतात, सेकंदाला दोन ते चार? हा 'वीव्ह'. गाडी सरळ आहे, पण हँडल सेकंदाला सहा ते नऊ वेळा फडफडतंय आणि मोजायला गेलात तर मोजणीच चुकते? तो 'वॉबल'. त्याहून जलद आणि वेगाबरोबर वाढत जाणारा दणका असेल तर चाकाचं बॅलन्सिंग बघा. साधारण दोन मीटर घेराचं चाक ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला जवळजवळ १४ फेऱ्या मारतं आणि रिमवरचा जडपणा प्रत्येक फेरीला एकदा ढुशी देतो.

तळहाताला मुंग्या आणणारी बारीक गुणगुण मात्र इंजिनाची. ५,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ८३ फेऱ्या. खात्री करायचीय? मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्लच दाबा आणि आरपीएम खाली येऊ द्या. थरथर गेली तर इंजिन, राहिली तर चाकं.

हँडल शांत, सीट शांत, फक्त डोकं हलतंय आणि समोरचे बोर्ड दोन-दोन दिसतायत? मग गाडीला काही झालेलं नाही. तो वारा आहे.

वाऱ्याचा हिशोब

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. ताठ बसलेल्या माणसाला आणि त्याच्या गाडीला मिळून ताशी १०० ला वारा साधारण २५ ते ३० किलो वजनाइतका मागे ढकलतो. आता गंमत बघा: काटा ८० वर आहे, पण समोरून ताशी ३० चा वारा आहे, तर हवेच्या हिशोबाने तुम्ही ११० ने चाललायत आणि रेटा जवळजवळ दुप्पट झालाय. 'काल याच वेगाला गाडी ठीक होती' या तक्रारीचं उत्तर कितीदा तरी इथेच असतं.

काच मोठी, त्रास मोठा?

असं होऊ शकतं. विंडशील्डच्या वरच्या कडेवरून हवा सुटते तेव्हा तिचे भोवरे होतात, आणि ते भोवरे नेमके हेल्मेटवर आपटले की डोकं गदागदा हलतं. चाचणी सोपी आहे: स्थिर वेगात फूटपेगवर थोडं उठा, म्हणजे डोकं काचेच्या वरच्या स्वच्छ हवेत जाईल. आवाज एकसारखा झाला, डोकं हलायचं थांबलं, तर दोषी काचच. उपाय दोन टोकांचे आहेत. एक तर काच इतकी उंच की हवा डोक्यावरून जावी, नाहीतर इतकी बुटकी की ती छातीवर यावी. मधली उंची सगळ्यात वाईट, आणि दुकानात नेमकी तीच 'स्टायलिश' म्हणून विकली जाते. तिसरी युक्ती स्वस्त आहे. काचेमागे हवेचा दाब कमी होतो आणि ती पोकळी भोवरे आत ओढते. काचेखाली थोडी फट ठेवून खालून हवा येऊ दिली की बऱ्याच गाड्यांवर डोकं शांत होतं.

आणि कान! हायवेच्या वेगात हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो. कामाच्या जागेसाठी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९७ डेसिबलला फक्त अर्धा तास. लांबच्या राईडनंतर कानात जी शिट्टी वाजते, तिला थकवा समजून सोडून देऊ नका. फोमचे साधे इअरप्लग वाऱ्याचा घोंघाट कापतात आणि हॉर्न तरीही ऐकू येतो.

कपडे काढले आणि विक्रम झाला

१३ सप्टेंबर १९४८, अमेरिकेत यूटामधलं बॉनव्हिलचं मिठाचं मैदान. व्हिन्सेंट मोटरसायकल, चालक रॉली फ्री. आधीच्या फेरीत वाऱ्याने त्याचा लेदरचा पोशाख फाडला. मग त्याने तो काढूनच टाकला आणि पोहण्याच्या चड्डीवर, गाडीवर पालथा पडून, पाय मागे ताणून गाडी पळवली. वेग भरला ताशी १५०.३१३ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर. त्या फेरीतला त्याचा फोटो जगभर गाजला. त्याचं अनुकरण कुणी करू नये, पण त्यातलं शास्त्र आपल्या रेनकोटला तंतोतंत लागू आहे. ढगळ रेनकोट फडफडतो, खांदे ओढतो, खांद्यातून तो झटका हातात आणि हातातून हँडलमध्ये उतरतो. गाडी डुलते म्हणून गॅरेज गाठण्याआधी एकदा घट्ट जॅकेट घालून त्याच रस्त्याने जाऊन या.

गाडी झाकली, वारा चिडला

१९५० च्या दशकात रेसिंगच्या गाड्यांना पुढचं चाकही झाकणारी गुळगुळीत टोपणं बसवत. इटलीतल्या मोटो गुझीने त्याच दशकात मांडेल्लो देल लारिओच्या कारखान्यात स्वतःचा वायुबोगदा उभारला होता. १९५७ साली रेसर बॉब मॅकिन्टायरने जिलेरा मोटरसायकलवर आइल ऑफ मॅनच्या रेसमधली पहिली ताशी १०० मैलांची फेरी मारली, तीही अशाच टोपणाच्या गाडीवर. समोरून येणारा वारा अलगद कापला जायचा. आडवा वारा आला की मात्र तेच मोठं अंग शीड व्हायचं. वाऱ्याचा जोर गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा पुढे पडायचा आणि तोंड वळवून टाकायचा. १९५७ च्या अखेरीला आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने पुढचं चाक झाकायला बंदी घातली. आजही रेसच्या गाडीचं पुढचं चाक उघडं दिसतं ते त्यामुळे.

टॉप बॉक्सचा गुन्हा

मागे उंचावर, चाकाच्याही पलीकडे वजन लादलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वीव्हला आमंत्रण मिळतं. वर तो चौकोनी डबा वाऱ्याच्या भोवऱ्यात उभा. म्हणून जड सामान खाली आणि पुढे, डब्यात फक्त हलकं. डबा रिकामा करून तोच वेग धरा. डुलणं गेलं तर निदान झालं, खर्च शून्य.

डबा काढूनही डुलत असेल तर तपासण्या अशा. टायर थंड असताना हवा मोजा, कारण पळवलेल्या टायरचा आकडा फुगलेला असतो. मागचा टायर मधोमध सपाट झालाय का बघा; सरळ हायवे खाणाऱ्या गाड्यांचा होतोच. गाडी सेंटर स्टँडवर घेऊन मागचं चाक आडवं ढकला. खटखट लागली तर स्विंगआर्मचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग. मग पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवा. बरोबर मधोमध ते खोबणीत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेला. फोर्क धरून पुढे-मागे ओढल्यावर ढिलेपणा लागला तरीही तोच. ताशी ६० ते ८० च्या दरम्यान, विशेषतः ॲक्सिलरेटर सोडताना हँडल फडफडण्याची जुनी तक्रार पुष्कळदा या कोनसेटपाशी, नाहीतर पुढच्या टायरपाशी येऊन संपते.

आणि वॉबल सुरूच झाला तर?

हँडल आवळू नका. आवळलेले हात त्या फडफडीला खतपाणी घालतात. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, अंग पुढे झुकवा, हातांची पकड हलकी ठेवा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा. पुढचा ब्रेक दाबायचा मोह सर्वात घातक. विमानाच्या पुढच्या चाकालाही हीच फडफड होते, म्हणून तिथे डँपर बसवतात. बऱ्याच वेगवान बाइकच्या हँडलपाशी दिसणारा स्टिअरिंग डँपर त्याच जातीचा. पण झिजलेला कोनसेट त्या डँपरमागे लपवणं हा धोका आहे.

कोल्हापूरला जाताना उजवा, येताना डावा

पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग, सी लिंक आणि अटल सेतू, चारही ठिकाणी दुचाकीला बंदी. म्हणून आपले लांबचे बायकर भेटतात ते पुणे-सातारा-कोल्हापूर नाहीतर मुंबई-गोवा रस्त्यावर. हे दोन्ही रस्ते उत्तर-दक्षिण धावतात आणि पावसाळ्याचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे थेट कुशीत. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत.

दक्षिणेला जाताना वारा उजवीकडून येतो, तेव्हा उजवं हँडल हलकेच पुढे दाबायचं. गाडी उजवीकडे कलते आणि वाऱ्याला टेकून सरळ जाते. वळायच्या बाजूच्या उलट हँडल आधी वळवावं लागतं, हे सायकलचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने विमान उडवायच्या काळातच ओळखलं होतं.

खरी कसोटी परतीला. वारा डावीकडून, गाडी डावीकडे कललेली, आणि तुम्ही डावीकडच्या ट्रकला मागे टाकताय. ट्रकच्या आडोशात वारा अचानक तुटतो आणि गाडी ट्रककडे ओढली जाते. ट्रकचं तोंड ओलांडलं की थांबलेला वारा एकदम आदळतो आणि तुम्हाला उजवीकडे, डिव्हायडरकडे लोटतो. अशा वेळी ट्रकला घासून जायचं नाही, डिव्हायडरलाही नाही. दोन्हीकडे अंतर राखायचं, केबिनच्या रेषेत येण्याआधी कोपर सैल करायचे आणि डावं हँडल दाबायला तयार राहायचं.