वेशीबाहेरचा रोजगार

रत्नागिरीत नगराध्यक्षाची निवडणूक लागली, की उमेदवाराला मिरकरवाड्यापासून मारुती मंदिरापर्यंत एकच प्रश्न ऐकावा लागतो: पोरांना इथं काम कधी मिळणार? प्रश्न रास्त आहे. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 मध्ये ती 16,15,069 झाली. एकूण महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना इथली ऐंशी हजारांवर माणसं कमी झाली. हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया, या आकड्याचं कौतुक करणाऱ्यांनी बंद घरांची कुलपंही मोजावीत. कर्ता मुलगा मुंबईला, घरी म्हातारी आणि सून. 1982 च्या संपानं गिरण्या मोडल्या, तरी चाकरमान्यांची वाट मुंबईचीच राहिली.

पण ज्याला हा प्रश्न विचारतात, त्याच्या हाती आहे तरी काय?

नगरपरिषद 1876 पासूनची. 2011 च्या जनगणनेत शहर सुमारे 76 हजार वस्तीचं. 74 व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आणली आणि तिच्यातल्या 18 विषयांत आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजन घातलं. आता नकाशा उघडून पाहा. मिरजोळ्याची औद्योगिक वसाहत एमआयडीसीची. रेल्वे स्थानक कुवारबावला, शहराच्या हद्दीबाहेर. फिनोलेक्सचा कारखाना गोळप-रनपारला, मोठं बंदर जयगडला. मिरकरवाडा बंदर शहराला चिकटून असलं तरी ते मत्स्यव्यवसाय खात्याचं, आणि थिबा राजवाडा पुरातत्त्व खात्याचा. जिथून नोकरी निघते तिथं नगराध्यक्षाची सही चालत नाही.

स्टरलाइटचं प्रकरण हेच सांगतं. तांबं गाळण्याच्या त्या कारखान्याला जमीन दिली एमआयडीसीनं, परवानगी दिली सरकारनं. आंबा आणि मासळी जाईल या भीतीनं लोक रस्त्यावर उतरले, 1993 साली काम थांबलं, आणि कारखाना तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथं 22 मे 2018 रोजी आंदोलकांवर गोळीबार होऊन 13 जण गेले. रत्नागिरीकरांनी रोजगार नाकारला, हा आरोप मला मुळीच मान्य नाही. बागायतदार आणि दर्यावर्दी आपला रोजगारच राखत होते. पण गाव एवढं पेटलेलं असताना कायद्यानं गावच्या नगराध्यक्षाला निर्णयात जागा नव्हती, हे मात्र टोचतं.

त्यात 1999 साली नगरपरिषदांची जकात गेली. जकात व्यापाऱ्याला जाचत होती, खरं. पण बाजार वाढला की गावची तिजोरी वाढे. तो दुवा तुटला आणि नगरपरिषदेचे डोळे सरकारी अनुदानाकडे लागले.

पुढे 2016 मध्ये नगराध्यक्ष पुन्हा थेट लोकांतून निवडला जाऊ लागला. मत साऱ्या शहराचं, अपेक्षा साऱ्या शहराची, अधिकार मात्र तेवढेच. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं टोपलीवालीला हक्क दिला, पण जागा ठरवणाऱ्या समितीचं अध्यक्षपद प्रशासकीय अधिकाऱ्याकडे. इथं कायदा बदलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरतं ते पाणी आणि बाजार, आणि ते थोडं नाही. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही जांभ्याची जमीन पाणी धरत नाही. एप्रिल-मे आला की शहराला पाणी देणाऱ्या शीळ धरणाच्या पातळीकडे लोकांचं लक्ष. ऐन आंब्याच्या आणि पर्यटकांच्या हंगामात नळ कोरडा राहिला, तर खानावळवाली काय शिजवणार, लॉजवाला कुणाला खोली देणार? मासळी विकणाऱ्या बाईचंही तेच. तिला कारखाना नको आहे. तिला ओटा हवा, स्वच्छ पाणी हवं, सांडपाणी वाहून जायला गटार हवं, रात्री दिवा हवा. ही कामं नगरपरिषदेचीच आहेत. नव्या नगराध्यक्षानं पहिल्या अंदाजपत्रकात कमानी आणि सुशोभीकरणाआधी ती घ्यावीत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या 61 दिवसांत मंडईची दुरुस्ती उरकली, तर ऑगस्टमध्ये पहिली नौका धक्क्याला लागेल तेव्हा मासळीवालीची टोपली ठेवायला कोरडी जागा असेल.