ठिणगी, घाम आणि सदरा

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालात, की यवत, चौफुला मागे टाकल्यावर दौंड तालुक्यातले वरवंड गाव लागते. भोवताली उसाची शेते. ऊस आला, की तो वाहून नेणाऱ्या ट्रॉल्या आल्या; आणि ट्रॉल्या आल्या, की त्यांचे तुटलेले सांधे जोडणारे वेल्डिंगचे दुकानही आले.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका दुकानापाशी आमची गाडी थांबली होती. आत एक वयस्क मिस्त्री काम करीत होते आणि एकोणीस-वीस वर्षांचा एक तरुण त्यांना पत्रा धरून देत होता. तेवढ्यात तो तरुण ओरडून मागे सरला. त्याच्या बाहीवर मोठी ठिणगी पडली होती. कापडाला भोक पडले, ते तर दिसलेच. पण भोकाच्या कडेचे कापड वितळून त्याच्या कातडीला चिकटले होते. मिस्त्रींनी त्याचा हात गार पाण्याखाली धरला आणि चिकटलेले कापड न ओढता त्याला दवाखान्यात धाडले. परत येताना मला म्हणाले, “सर, किती वेळा सांगितलं, टेरिकॉट घालू नको म्हणून. पण जाड सुती शर्ट महाग पडतो म्हणतो.”

मित्रांनो, त्या तरुणाचे म्हणणे बरोबर होते का? कामाचा कपडा स्वस्त की महाग हे कसे ठरवायचे? त्यासाठी दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीबरोबर थोडे पदार्थविज्ञानही वाचावे लागते.

एका ठिणगीची शिल्लक

वेल्डिंगच्या वेळी उडणारी ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा इवलासा थेंब. त्याचा व्यास १ मिलिमीटर धरू. लोखंडाची घनता लक्षात घेतली, तर त्याचे वस्तुमान सुमारे ४ मिलिग्रॅम भरते. तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअस. हा थेंब गोठून थंड होईपर्यंत साधारण ५ ज्यूल उष्णता बाहेर टाकतो.

आता ही उष्णता कापडाला दिली तर काय होईल? सदऱ्याचे पातळ टेरिकॉट चौरस मीटरला १२० ग्रॅम भरते असे समजा. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरचे वस्तुमान झाले १२ मिलिग्रॅम. कापडाची विशिष्ट उष्णता ग्रॅममागे, अंशामागे सुमारे १.३ ज्यूल असते. गुणाकार करून पाहा: एवढ्या तुकड्याचे तापमान ३० वरून २६० अंशांवर न्यायला ४ ज्यूलसुद्धा लागत नाहीत. आणि टेरिकॉटमधले टेरिलीन, म्हणजेच पॉलिएस्टर, वितळते ते याच २६० अंशांच्या आसपास!

त्याऐवजी चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारे जाड सुती ड्रिल घ्या. तेवढ्याच तुकड्याचे वस्तुमान ३० मिलिग्रॅम. तीच ५ ज्यूल उष्णता त्याला जेमतेम १६० अंशांपर्यंत नेईल. शिवाय सूत वितळत नाही. फार तापले तर ते काळे पडते, कोळसा होते. पण पाझरून कातडीला चिकटत नाही.

हा हिशेब ढोबळ आहे. ठिणगी आपली उष्णता अशी सारखी वाटून देत नाही. ती एका बिंदूपाशी जास्त तापवते आणि बहुधा घरंगळून खाली पडते. म्हणून जाड सुतालाही बारीक भोके पडतातच. तरी मुद्दा स्पष्ट आहे: कापड वितळणारे नको, आणि वजनदार हवे.

वेल्डिंगच्या ज्योतीतून अतिनील किरणही निघतात. उघड्या हाताची कातडी ते कडक उन्हासारखी भाजतात. म्हणून बाही पूर्ण हवी आणि वीण घट्ट हवी.

घामाचे गणित

जाड कपडा म्हणजे उकाडा, हीही तक्रार रास्त आहे. येथे दुसरा नियम मदतीला येतो. एक ग्रॅम घाम वाळताना शरीराची सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. नुसता टपकून जमिनीवर पडलेला घाम काहीच गार करीत नाही. सूत हवेतलीच ओल आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरून ठेवते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. सुती कापड घाम टिपून घेते, पसरवते आणि वाळू देते. म्हणून सदरा सुती असावा, पण थोडा सैल असावा, म्हणजे आत हवा खेळती राहते. थोडाच सैल! लोंबणारी बाही, उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर कडबाकुट्टीच्या वा फिरत्या दांड्याच्या तोंडी गेला, तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

मग टेरिकॉट वाईट का? मुळीच नाही. ते लवकर वाळते, चुरगळत नाही, बरेच टिकते. आम्ही शिक्षक फळ्यासमोर ते खुशाल घालतो. खडूची ठिणगी उडत नाही! कापडाचा गुण कामावरून ठरतो.

हे शहाणपण पुस्तकातूनच येते असे नाही. ऊसतोडणीच्या फडात गेलात, तर स्त्रिया साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घातलेल्या दिसतील. उसाच्या पानांच्या कडेला बारीक दाते असतात आणि त्यांत सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच पदार्थ. उघडा हात त्याने ओरखडून निघतो. जुना सदरा हा त्यावरचा, जवळजवळ फुकटचा, उपाय.

डोंगरीचे कापड

कष्टकऱ्यांच्या स्वस्त आणि दणकट कपड्याशी आपल्या महाराष्ट्राचे नाते जुने आहे. इंग्रजीत कामगारांच्या जाड विजारीला ‘डंगरी’ म्हणतात. शब्दकोशकार हा शब्द मुंबईच्या डोंगरी भागाशी जोडतात. तेथे मिळणारे जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजांना ठाऊक होते. पुढे खलाशांनी, मजुरांनी ते अंगावर चढवले आणि डोंगरीचे नाव जगभर गेले.

अमेरिकेत रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. लाकूडतोड्याच्या विजारीचे खिसे वारंवार उसवतात हे पाहून त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. ताण नेहमी कोपऱ्यात एकवटतो. रिव्हेटमुळे तो एका टाक्याऐवजी आजूबाजूच्या कापडावर वाटला जातो. लीव्हाय स्ट्रॉस या कापडव्यापाऱ्याबरोबर त्याने २० मे १८७३ रोजी या युक्तीचे पेटंट मिळवले. आजची जीन्स ती हीच! मुळात ती मिरवण्याची नव्हे, राबण्याची विजार होती.

स्वस्त म्हणजे काय?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. समजा, पातळ तयार सदरा २५० रुपयांना मिळतो आणि ठिणग्यांनी चाळण होऊन ५० दिवसांत फेकावा लागतो. रोजचा खर्च ५ रुपये. समजा, ड्रिलचे कापड आणून गावच्या शिंप्याकडून शिवलेला सदरा ७५० रुपयांना पडतो, पण २५० दिवस चालतो. रोजचा खर्च ३ रुपये. तिप्पट किमतीचा कपडाच स्वस्त ठरला! हे आकडे मी मानलेले आहेत. तुम्ही आपल्या गावच्या दुकानात आणि शिंप्याकडे चौकशी करून खरे आकडे घाला आणि भागाकार करा. भाजलेल्या हाताने बुडालेला रोज त्यात मिळवायला विसरू नका.

पण रोजंदारीवरच्या माणसाजवळ ७५० रुपये एकदम नसतात, ही अडचण भागाकाराने सुटत नाही. मिस्त्रींनी त्यावर तोड काढली होती. जुन्या जीन्सचे पाय गुडघ्याखाली कापून, दोन्ही टोकांना नाडी घालून त्यांनी त्या तरुणासाठी बाह्या शिवून घेतल्या. ठिणग्या पडतात त्या मुख्यतः हातांवर आणि छातीवर; तेवढाच भाग आधी झाकला. मोठ्या कामाला चामड्याचा एप्रन आणि हातमोजे हवेतच, आणि डोळ्यांपुढे काळी काच तर नेहमीच. पण सुरुवात जुन्या कपड्यापासून करता येते.

करून पाहा

१. कापडाचा १० सेंमी × १० सेंमी तुकडा प्रयोगशाळेतल्या तराजूवर तोला. ग्रॅममधल्या आकड्याला १०० ने गुणा. चौरस मीटरचे वजन मिळेल.

२. कापड उजेडाकडे धरा. विणीतून प्रकाशाचे ठिपके दिसले, तर तेथून अतिनील किरणही जातील.

३. शिक्षकांच्या देखरेखीखाली, खाली वाळूची थाळी ठेवून, एकच धागा चिमट्यात धरून जाळा. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख उरली, तर सूत. धागा आकसून कडक काळा मणी उरला, तर पॉलिएस्टर. दोन्ही खुणा दिसल्या, तर मिश्रण. हल्लीच्या ताणल्या जाणाऱ्या जीन्समध्येही कृत्रिम धागे असतात, म्हणून जुनी जीन्स कापण्यापूर्वी ही परीक्षा अवश्य घ्या.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तेल-ग्रीसने माखलेले सूत चटकन पेट घेते. म्हणून कामाचा कपडा धुतलेला हवा. उघडा खिसा आणि दुमडलेली विजार ठिणगीला घर करून देतात. खिशाला झाकण शिवा, दुमड उलगडा.

तुमच्या घरी, शेजारी कोणी वेल्डर, लोहार, गुऱ्हाळावर राबणारा असेलच. त्याच्या सदऱ्याचा एक धागा मागून आणा आणि परीक्षा करा. मणी उरला, तर त्याला तो दाखवा. हाच मणी कातडीवर तयार होतो, एवढे सांगितले तरी पुरे.