डेटा सेंटरसाठी सर्व्हर आभासीकरण : नियोजन आणि निवड

प्रस्तावना :
पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. येथील खातेदारालाही आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू शकतो. राज्यात ही सेवा १ मे २०१८ रोजी सुरू झाली. मात्र हा उतारा हाती पडणे दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हर चालू असण्यावर अवलंबून असते. अशा केंद्रासाठी आभासीकरणाचे तंत्रज्ञान कोणत्या क्रमाने निवडावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
एकाच भौतिक सर्व्हरवर अनेक स्वतंत्र आभासी सर्व्हर चालविणे म्हणजे आभासीकरण होय. हे कार्य करणाऱ्या प्रणालीस हायपरवायझर म्हणतात. आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली आणली होती. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच यासाठी सोय केली आणि २००७ मध्ये केव्हीएम हा मुक्त हायपरवायझर लिनक्सचा भाग झाला.

नियोजन :
प्रथम विद्यमान सर्व्हरवरील भार मोजावा. सरासरी भारापेक्षा गर्दीच्या वेळचा भार महत्त्वाचा असतो. बहुधा प्रोसेसरपूर्वी मेमरी अपुरी पडते. समजा, २० सर्व्हरना गर्दीच्या वेळी प्रत्येकी ३२ जीबी, म्हणजे एकूण ६४० जीबी मेमरी लागते. २५६ जीबीच्या नव्या सर्व्हरवर हायपरवायझरचा वाटा वगळून २३० जीबी उपलब्ध धरल्यास तीन सर्व्हर पुरतात. परंतु एक बंद पडल्यास उरलेल्या दोहोंवर तो भार मावणार नाही. म्हणून चार घ्यावेत. सर्व आभासी सर्व्हर एकाच साठवण यंत्रणेवर असतील, तर तिच्यातील बिघाड सर्वांनाच बंद पाडतो. यासाठी राखीव प्रती स्वतंत्र जागी असाव्यात आणि त्या परत उभ्या करून पाहाव्यात.

निवड :
नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणी पद्धती स्वीकारली. ही आकारणी प्रोसेसरच्या कोअरवर होते व प्रति प्रोसेसर किमान १६ कोअर मोजले जातात. वरील उदाहरणात प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर असल्यास किमान १२८ कोअरची वर्गणी भरावी लागेल. केव्हीएमवर आधारित प्रॉक्समॉक्ससारख्या प्रणालींना परवाना शुल्क नाही. परंतु प्रशिक्षित मनुष्यबळ व तांत्रिक साहाय्य यांचा खर्च राहतोच. मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही हा पर्याय विंडोज सर्व्हरचे परवाने आधीच असलेल्या संस्थेस सोयीचा ठरतो.

निष्कर्ष :
भाराचे मोजमाप, बिघाडाची तरतूद आणि शेवटी उत्पादनाची निवड, हा क्रम उलटू नये. तसेच एका प्रणालीवरून दुसरीवर जाण्याचा खर्च व कालावधी खरेदीपूर्वीच लेखी मांडावा. ज्या केंद्राकडे असा मार्ग नाही, त्याचे अंदाजपत्रक विक्रेत्याच्या निर्णयावर अवलंबून राहते आणि त्याची झळ अखेर उताऱ्यासाठी थांबलेल्या खातेदारास बसते.